पत्रासोबत आली बंदुकीची गोळी : जमालपूरला मराठा पलटणीने वेढ्यातल्या शत्रूची वाट कशी रोखली?

९ डिसेंबर १९७१. पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर.

ब्रह्मपुत्रेच्या काठावरच्या या शहराकडे एक माणूस पांढरं निशाण घेऊन निघाला. नाव झहूरुल हक मुन्शी. मुक्तिवाहिनीचा माणूस. खिशात भारतीय ब्रिगेडियरचं पत्र, आणि पत्र द्यायचं होतं शहरात तळ ठोकून बसलेल्या पाकिस्तानी लेफ्टनंट कर्नलला. मुक्तिवाहिनीचा माणूस पाकिस्तानी फौजेच्या हाती लागला की त्याचं काय होतं, हे तोवर साऱ्या बंगालला ठाऊक झालं होतं. तरीही मुन्शी गेले.

पत्र लिहिलं होतं ९५ माउंटन ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर एच. एस. क्लेर यांनी. मजकूर सरळ होता. तुम्हाला चारही बाजूंनी वेढलं आहे, सुटकेचा मार्ग उरलेला नाही, तोफा येऊन पोहोचल्या आहेत आणि हवाई हल्ल्यांसाठी विमानांची चाळीस उड्डाणं राखून ठेवली आहेत. तेव्हा शरण या.

त्याच दिवशी उत्तर आलं. ३१ बलुच पलटणीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल सुलतान यांनी लिहिलं होतं की लढाई तर अजून सुरूच झालेली नाही, तेव्हा बोलणी पुरे, लढायला लागू. चाळीस उड्डाणं कमी पडतील, आणखी मागून घ्या, असा टोमणाही होता. तुमचं लेखणीवर फारच प्रभुत्व दिसतंय, पुढच्या भेटीत हातात स्टेनगन असू द्या, असा शेवट. मुन्शींना चहा आवडला असेल अशी आशा व्यक्त केली होती. मुन्शींच्या वाट्याला मात्र चहापेक्षा मार जास्त आला होता.

या उत्तराच्या कागदात एक गोळी गुंडाळलेली होती.

सोशल मीडियावर जमालपूरची गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते. पत्राचा मजकूर, गोळीचा किस्सा, की झालं. खरी गोष्ट पुढच्या दीड दिवसात घडली. ती घडवणारी पलटण होती १ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजेच जंगी पलटण.

जमालपूरच का?

१९७१ च्या युद्धाचा नकाशा डोळ्यांसमोर आणला तर एक गोष्ट पटकन लक्षात येते. पूर्व पाकिस्तानात रस्त्यांपेक्षा नद्याच जास्त. पश्चिमेकडून ढाक्याकडे यायचं तर पद्मा आडवी. पूर्वेकडून यायचं तर मेघना. दोन्ही नद्यांचं पात्र इतकं रुंद की समोरचा काठ दिसायची पंचाईत.

उत्तरेकडून मात्र एक वाट होती. मेघालयाच्या सीमेवरून कमालपूर, बक्षीगंज, जमालपूर, टांगाईल आणि ढाका. या वाटेवर मोठा अडथळा एकच, जमालपूरची ब्रह्मपुत्रा. ती ओलांडली की ढाक्यापर्यंत पद्मा-मेघनेच्या तोडीची नदी नाही.

आणि ही ब्रह्मपुत्रासुद्धा ‘जुनी’. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या काही दशकांत ब्रह्मपुत्रेने आपली वाट बदलली. मुख्य प्रवाह पश्चिमेला सरकला आणि त्याला जमुना म्हणू लागले. जमालपूर-मैमनसिंहवरून वाहणारा मूळ फाटा मागे राहिला. त्यात पाणी कमी झालं, डिसेंबरात तर आणखी कमी. पण कमी म्हणजे घोट्याएवढं नव्हे. तोफा, दारूगोळा आणि शेकडो माणसं पलीकडे न्यायची तर होड्या लागणारच.

पाकिस्तानी सैन्याने या नदीचा उपयोग किल्ल्याच्या खंदकासारखा केला होता. शहर दक्षिण काठावर, शत्रू येणार उत्तरेकडून, मध्ये नदी. मोर्चे, बंकर, बंदुकांची तोंडं, सगळं मुख्यतः उत्तरेकडे रोखलेलं.

कमालपूरने दिलेला धडा

जमालपूरपर्यंत पोहोचणंही सोपं नव्हतं. सीमेवरच्या कमालपूर चौकीत कॅप्टन अहसन मलिक यांच्या नेतृत्वाखाली छोटी पाकिस्तानी तुकडी बसली होती. युद्ध अधिकृतपणे सुरू होण्याआधीपासून मुक्तिवाहिनी या चौकीवर धडका देत होती. ११ नंबर सेक्टरचे कमांडर अबू ताहेर यांनी तिथेच १४ नोव्हेंबरला आपला एक पाय गमावला. नंतर भारतीय फौजेने चौकीला वेढा घातला. तुकडी मूठभर, पण ४ डिसेंबरपर्यंत तिने दाद दिली नाही. शरण आल्यावर जनरल माणेकशा यांनी मलिक यांच्या चिवटपणाची तारीफ कळवली होती.

समोरून टक्कर घेतली तर एक साधी चौकी किती दिवस खाते, हे कमालपूरने दाखवून दिलं. जमालपूर तर त्याहून कितीतरी मोठं ठाणं. तिथे सबंध ३१ बलुच पलटण, जोडीला निमलष्करी माणसं आणि रझाकार.

दरम्यान भारतीय बाजूलाही फटका बसला. या आघाडीचे प्रमुख मेजर जनरल गुरबक्षसिंग गिल यांची जीप बक्षीगंजजवळ सुरुंगावर गेली आणि ते गंभीर जखमी झाले. त्यांच्या जागी मेजर जनरल गंधर्व नागरा आले. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

नदी ओलांडली, पण शहरासमोर नाही

शहराच्या समोर नदी ओलांडणं म्हणजे तयार बंदुकांच्या तोंडी जाणं. म्हणून ठरलं असं की काही फौज उत्तर काठावर ठेवायची, तोफांचा मारा चालू ठेवायचा, म्हणजे शत्रूची नजर तिकडेच राहील. आणि बाकीच्यांनी शहराच्या पश्चिमेला जाऊन नदी पार करायची, वळसा घालून दक्षिणेला उतरायचं आणि जमालपूरहून टांगाईलकडे जाणारा रस्ता अडवायचा.

हे काम १ मराठाकडे आलं. कमांडर होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. (हो, तेच. १९८४ मध्ये सुवर्णमंदिरातल्या ऑपरेशन ब्लू स्टारचं नेतृत्व करणारे मेजर जनरल के. एस. ब्रार.)

या आघाडीवर नदीवर पूल टाकायचं अवजड सामान नव्हतं. मग गावकऱ्यांच्या होड्या आल्या, बैलगाड्या आल्या, दारूगोळा डोक्या-खांद्यावर वाहून नेणारे हात आले. नऊ महिने पाकिस्तानी फौजेचे अत्याचार सोसलेल्या गावांनी भारतीय सैन्याला कुठून जायचं, पाणी कुठे कमी आहे, शत्रू कुठे बसलाय, हे सगळं सांगितलं. ‘स्थानिकांची मदत’ असे दोन शब्द लिहून युद्धाची पुस्तकं पुढे सरकतात. पण त्या होड्या नसत्या तर हा वळसा कागदावरच राहिला असता.

९ डिसेंबर उजाडेपर्यंत पलटण जमालपूरच्या दक्षिणेला रस्त्यावर ठाण मांडून होती. आता पाकिस्तानी ठाण्याची अवस्था बघा. ज्या नदीला त्यांनी ढाल केलं होतं, तीच आता पाठीमागची भिंत झाली. उत्तरेला नदी आणि पलीकडे भारतीय तोफा. दक्षिणेला मराठे. क्लेर यांच्या पत्रातली वेढ्याची भाषा पोकळ नव्हती ती म्हणूनच.

वेढणाऱ्याचीच जास्त कसोटी

वेढा पडला म्हणजे लढाई जिंकली असं वाटतं. लष्करी दृष्टीने बघितलं तर तिथून पुढचा काळ वेढणाऱ्यासाठी सर्वांत धोक्याचा असतो. कोंडलं तर मांजरसुद्धा अंगावर येते. इथे तर प्रशिक्षित पायदळ पलटण होती.

एक पायदळ पलटण म्हणजे साधारण आठशे माणसं, त्यात चार रायफल कंपन्या. शत्रू नेमका कुठून बाहेर पडेल हे आधी माहीत नसतं. रस्त्यावरून येईल, बाजूच्या शेतातून सरकेल, किंवा एका ठिकाणी जोर दाखवून दुसरीकडून निसटेल. त्याने आपली सगळी ताकद एकाच जागी आणली, तर त्या जागी अडवणाऱ्यांची एखादीच कंपनी, कधी एखादीच प्लाटून असते. वेढणाऱ्याची एकूण संख्या मग कामाला येत नाही. त्या एका जागेवरचे तीस-चाळीस जण टिकतात का, एवढाच प्रश्न उरतो.

त्यात १ मराठाला दोन तोंडांनी बघायचं होतं. समोर जमालपूरचा शत्रू, आणि मागे टांगाईलचा रस्ता, जिथून पाकिस्तानी कुमक येऊ शकत होती. स्वतःची रसद मात्र नदी ओलांडून, वळसा घालूनच येणार. म्हणजे ज्यांनी शत्रूला तोडलं, ते स्वतःही अर्धे तुटलेलेच होते.

अशा वेळी करायचं काय? खणायचं. बंगालच्या सखल जमिनीत थोडं खोल गेलं की पाणी लागतं, तरी खणायचं. मिडियम मशीनगन अशा बसवायच्या की दोन गनच्या गोळ्यांच्या रेषा पुढच्या मोकळ्या जागेत एकमेकींना छेदतील. दिवसाउजेडी या रेषा ठरवून गन पक्क्या करून ठेवल्या की रात्री नेम धरावा लागत नाही. समोर काही दिसलं नाही तरी गोळ्या कमरेएवढ्या उंचीवरून त्याच पट्ट्यातून जातात. तोफखान्यालाही आधीच सांगून ठेवायचं असतं की अमुक जागी गोळे हवेत. मग वायरलेसवर एक खूण पुरते.

आणि सगळ्यांत अवघड काम, वेळ येईपर्यंत गोळी न झाडणं. अंधारात आवाज आला की बोट ट्रिगरवर जातं. पण लांबूनच गोळीबार सुरू केला तर शत्रूला कुठे कोण बसलंय ते कळतं आणि तो दुसरी वाट शोधतो. त्याला पट्ट्यात पुरता येऊ द्यावं लागतं. चोख पलटण आणि कच्ची पलटण यांतला फरक या काही मिनिटांत दिसतो.

१० डिसेंबरची रात्र

इकडे ढाक्यात वेगळीच घाई होती. पाकिस्तानी पूर्व कमांडचे प्रमुख जनरल नियाझी यांची सीमेजवळची ठाणी एकेक करून तुटत होती आणि खुद्द ढाक्याच्या रक्षणाला पुरेशी फौज नव्हती. त्यामुळे मैमनसिंह-जमालपूर भागातल्या ९३ ब्रिगेडला मागे हटून ढाक्याकडे यायचा हुकूम सुटला. या ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर अब्दुल कादिर खान, आणि ३१ बलुच त्यांचीच पलटण.

म्हणजे ९ तारखेला ‘लढू’ असं लिहून गोळी पाठवणाऱ्या सुलतान यांना १० तारखेला ठाणं सोडून निघायचं होतं. त्यांच्या पत्रातला ताठा खोटा होता असं यावरून म्हणता येणार नाही. हुकूम वरून आला होता आणि तो पाळायचा तर वाट एकच होती, मराठ्यांच्या मोर्च्यांवरून जाणारी.

१० तारखेला दिवसभर भारतीय हवाई दलाची विमानं आणि तोफा जमालपूरवर आग ओकत होत्या. रात्री मारा थोडा ओसरला. कृष्ण पक्ष चालू होता, त्यामुळे रात्रीचा पहिला प्रहर गडद अंधाराचा. शहरातून पाकिस्तानी तुकड्या बाहेर पडल्या आणि टांगाईलच्या रस्त्याने दक्षिणेकडे सरकू लागल्या.

मराठ्यांनी त्यांना जवळ येऊ दिलं. मग मशीनगन सुरू झाल्या.

पहिली लाट कोसळली तरी हल्ला थांबला नाही. मागचे पुढे आले, पुन्हा मारले गेले, पुन्हा दुसरे आले. लष्करी इतिहासात याला ‘लाटांमागून लाटा’ असं म्हणतात, आणि ते शब्द वाचायला फार सोपे आहेत. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की मशीनगनच्या एकाच पट्ट्यात, आधी पडलेल्यांच्या अंगावरून, माणसं पुन्हा पुन्हा धावत आली. त्यांना मागे जायला नदी होती आणि थांबायला जागा नव्हती. दुसऱ्या बाजूला खंदकातले जवान होते, ज्यांना एवढंच ठाऊक होतं की इथून वाट फुटली तर ही फौज ढाक्याच्या तटबंदीत जाऊन बसेल आणि तिथे तिच्याशी पुन्हा लढावं लागेल.

पहाटेपर्यंत हे चालू होतं. मोर्चे तुटले नाहीत.

सकाळ

उजाडल्यावर मोर्च्यांसमोरच्या शेतात आणि रस्त्यावर पडलेल्या पाकिस्तानी सैनिकांची मोजदाद झाली. भारतीय नोंदींनुसार दोनशेहून अधिक मृत, शिवाय जखमी आणि युद्धकैदी वेगळे. १ मराठाचे दहाच्या आसपास जवान या लढाईत धारातीर्थी पडले. आकड्यांतला एवढा मोठा फरक बघून कोणाला अतिशयोक्ती वाटेल. पण तयार मोर्च्यांवर, मोकळ्या जागेतून, रात्री, तोफखान्याच्या आधाराविना चालून गेलं की असंच होतं. पहिल्या महायुद्धापासून मशीनगनचं गणित हेच आहे.

जमालपूर शहरात मागे राहिलेल्या साडेतीनशेहून अधिक सैनिकांनी ११ डिसेंबरला सकाळी शस्त्रं खाली ठेवली.

आणि सुलतान? ते काही माणसांसह त्या रात्री निसटले. व्हायरल पोस्टमध्ये हा भाग सहसा नसतो, कारण त्याने गोष्टीचा नाट्यमय शेवट बिघडतो. पण वेढा कितीही घट्ट असला तरी रात्री, सपाट मुलखात, लहान लहान गटांनी पांगून निघालेली माणसं सगळीच्या सगळी पकडणं जवळपास अशक्य असतं. हाती आली ती पांगापांग झालेली माणसं. पलटण म्हणून ३१ बलुच ढाक्याला पोहोचलीच नाही, आणि रस्ता अडवण्याचा हेतू तोच होता.

इथे आणखी एक गोंधळ नेहमी होतो. टांगाईलला भारतीय छत्रीधारी सैनिक उतरले म्हणून जमालपूरचा शत्रू अडकला, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. तारखा बघितल्या की ते जुळत नाही. जमालपूरची लढाई १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्रीची. २ पॅरा पलटण टांगाईलजवळ उतरली ११ डिसेंबरला दुपार कलल्यावर. तिचं काम होतं लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घेऊन मैमनसिंहहून मागे हटणाऱ्या फौजेची वाट तोडणं. म्हणजे अडवणूक दोन ठिकाणी, दोन वेगळ्या पलटणींनी केली. पुंगलीला पोहोचेपर्यंत माघारी फौजेचा काही भाग आधीच पुढे गेला होता, उरलेल्यांची गाठ २ पॅराशी पडली.

पुंगलीची भेट

जमालपूर पडल्यावर १ मराठाला विश्रांती नव्हती. लगेच दक्षिणेकडे कूच. शत्रूच्या मागे अवतरलेल्या छत्रीधारी सैनिकांकडे हलकी हत्यारं आणि मोजकाच दारूगोळा असतो. जमिनीवरून येणारी फौज वेळेत पोहोचली नाही तर त्यांची अवस्था कठीण होते. १२ डिसेंबरच्या संध्याकाळी १ मराठाने पुंगलीला २ पॅरा गाठली. त्या पलटणीचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू.

या भेटीत एक गंमत दडलेली आहे. २ पॅरा ही मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची ३ नंबरची पलटण. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे याच पलटणीचे. पुढे ती छत्रीधारी झाली आणि नाव बदललं. म्हणजे पुलावर जी गळाभेट झाली ती दोन मराठा पलटणींचीच होती.

जंगी पलटणीसाठी नदीकाठची लढाई नवी नव्हती. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना याच पलटणीचे, अहमदनगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून, सुरुंगांमधून, काठावरच्या माऱ्यातून सुखरूप बाहेर काढलं. मग एकट्याने शत्रूच्या मशीनगन चौक्या बंद केल्या. हाताला जखम झाल्याने गन चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब फेकत राहिले, आणि शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्यांना नदीपार बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सव्वीस वर्षांनी जमालपूरला जे जवान खंदकात बसले होते, त्यांना भरती झाल्यापासून ही गोष्ट ऐकून पाठ असणार.

पुढचे चार दिवस सगळ्यांना माहीत आहेत. उत्तरेकडून आलेली हीच आघाडी सर्वांत आधी ढाक्याच्या वेशीवर, मीरपूर पुलाजवळ पोहोचली. १६ डिसेंबरच्या सकाळी मेजर जनरल नागरा यांनी तिथून नियाझींना चिठ्ठी पाठवली. दोघांची जुनी ओळख होती. चिठ्ठीचा सूर मित्राला लिहिल्यासारखा होता : मी आलोय, खेळ संपलाय, आता माझ्या स्वाधीन व्हा. सात दिवसांपूर्वी याच आघाडीवरून गेलेल्या पत्राला उत्तर म्हणून गोळी आली होती. या वेळी गोळी आली नाही.

ब्रिगेडियर क्लेर यांना महावीर चक्र मिळालं, ब्रार यांना वीर चक्र. १ मराठा लाइट इन्फंट्रीला ‘जमालपूर’ हा युद्धसन्मान मिळाला. पत्र घेऊन जाणाऱ्या झहूरुल हक मुन्शी यांना बांगलादेशाने ‘बीर प्रतीक’ दिलं.